पर्यायी वाट पोहोचते का?



नेटवर्किंगच्या परीक्षांना बसणारी पुष्कळ मुले-मुली आज आपल्या नांदेड-लातूर भागात आहेत. कुणी सीसीएनएची तयारी करतो, कुणी त्यापुढच्या सीसीएनपीची. एखादा जिद्दीचा सीसीआयईपर्यंत जायचे म्हणतो. ही परीक्षा आठ तासांची असते आणि तिची फी लाख रुपयांच्या पुढे जाते. तिच्यात पाठांतर चालत नाही. समोर राउटर असतात, एक नकाशा असतो आणि इंग्रजीत लिहिलेल्या काही अटी असतात. त्या अटींप्रमाणे नेटवर्क उभे करून दाखवायचे असते.

मी हा विषय शिकवतो. मुलांना आज्ञा येतात, त्या कुठे द्यायच्या तेही कळते. अडचण येते ती अटीचे वाक्य वाचताना. त्यातही एक वाक्य हमखास अडवते. ते बॅकअप लिंकचे, म्हणजे मुख्य वाट बंद पडली तर वापरायच्या पर्यायी वाटेचे. आज त्या एकाच वाक्याविषयी बोलायचे आहे. ज्यांचा संगणकाशी फारसा संबंध नाही, त्यांनीही ऐकावे. कारण दवाखाना, पतसंस्था, शाळा, सगळीकडे हल्ली दोन-दोन कनेक्शन घेतात आणि दुसरे कनेक्शन खरोखर कामाला येते का, हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही.

आपण एक काल्पनिक नेटवर्क घेऊ. एका संस्थेची तीन कार्यालये आहेत : हिंगोली, नांदेड आणि लातूर. हिंगोलीची तार नांदेडला येते. नांदेडहून लातूरला दोन तारा जातात. मुख्य तार लोहा, अहमदपूर, चाकूर अशी सडकेच्या कडेने. दुसरी परभणी, परळी, लातूर रोड अशी रेल्वेच्या वळणाने. पहिली जवळची आणि वेगाची, दुसरी लांबची आणि मंद. आता परीक्षेतला प्रश्न ऐका. मुख्य लिंक बंद पडल्यास नांदेड-लातूर वाहतूक बॅकअप लिंकवरून जावी. मुख्य लिंक चालू असताना बॅकअप लिंकवरून वाहतूक जाऊ नये. सर्व पत्ते सर्व ठिकाणांहून पोहोचण्याजोगे असावेत.

तीन साधी वाक्ये आहेत. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात भांडण आहे असे मुलांना वाटते. बॅकअप लिंकच्या दोन टोकांनाही स्वतःचे पत्ते असतात. लिंक वापरायची नाही, तर ते पत्ते पोहोचण्याजोगे कसे असतील? आणि पोहोचण्याजोगे ठेवले, तर लिंक वापरली असे होणार नाही का?

या गोंधळाला इतिहास आहे. पूर्वी बॅकअप म्हणून बहुधा आयएसडीएनची लाईन असे. ती टेलिफोनसारखी नंबर फिरवून जोडली जाई आणि जितकी मिनिटे जोडलेली तितके बिल. अशी लाईन झोपलेली असणेच फायद्याचे. म्हणून राउटरमध्ये तशी सोयही होती आणि अनेक राउटरांत ती अजून आहे. मुख्य पोर्टला सांगायचे, अमुक पोर्ट तुझा बॅकअप. मग तो दुसरा पोर्ट चक्क झोपतो. पहिला पडला की जागा होतो. झोपेत असताना त्याचा पत्ता कुणालाच उत्तर देत नाही. त्या काळात शिकलेल्यांच्या मनात बॅकअप म्हणजे झोपलेली लाईन असे समीकरण बसले आणि जुन्या सराव-पुस्तकांतून ते पुढे चालत आले.

आज दुसरी लाईन बहुधा महिन्याच्या ठरावीक भाड्याची फायबर असते. ती जागी ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत. उलट ती जागी असली तर तिची तब्येत ठीक आहे हे आपल्याला रोज कळते. झोपलेली लाईन जिवंत आहे की मेली, हे ती उठवल्याशिवाय कळत नाही.

आता प्रश्न पुन्हा वाचा. ‘वाहतूक जाऊ नये’ असे म्हटले आहे. ‘लिंक बंद असावी’ असे म्हटलेले नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नांदेडच्या लेखा विभागाची फाईल लातूरला जाते ती वाहतूक. बॅकअप लिंकच्या पलीकडच्या टोकाला ‘आहेस का?’ असे विचारणे म्हणजे त्या लिंकची चौकशी. पहिली मुख्य वाटेनेच गेली पाहिजे. दुसरी बॅकअप लिंकवरच होणार, दुसरीकडे कुठे होईल? असे वाचले की दोन वाक्यांतले भांडण मिटते. लिंक जागी ठेवायची, तिचे पत्ते पोहोचू द्यायचे, पण माल तिच्यावरून न्यायचा नाही.

हे राउटरला सांगण्याची रीत अशी. एका ठिकाणी जाण्याच्या दोन वाटा राउटरला दोन वेगवेगळ्या सूत्रांकडून कळल्या, तर तो प्रत्येक सूत्राचा एक क्रमांक पाहतो. जितका क्रमांक लहान, तितका विश्वास जास्त. सिस्कोच्या राउटरमध्ये थेट जोडलेल्या तारेला ०, माणसाने हाताने लिहिलेल्या वाटेला १, ओएसपीएफ या पद्धतीने शेजारच्या राउटरकडून शिकलेल्या वाटेला ११० आणि आरआयपीला १२०. आपली मुख्य वाट ओएसपीएफने शिकलेली आहे असे धरू. मग बॅकअपची वाट हाताने लिहायची आणि तिला मुद्दाम मोठा क्रमांक द्यायचा, समजा २००. जोवर ११० ची वाट आहे तोवर २०० ची वाट गुपचूप बाजूला राहते. मुख्य वाट गेली की ती वर येते. म्हणूनच तिला तरंगती वाट, फ्लोटिंग स्टॅटिक रूट म्हणतात.

इथे मुले पहिल्यांदा फसतात. तो २०० चा आकडा लिहायला विसरतात. मग हाताने लिहिलेल्या वाटेचा क्रमांक आपोआप १ धरला जातो आणि सगळी वाहतूक लगेच परभणी-परळीच्या लांबच्या वाटेने धावू लागते. काहीजण १०० लिहितात. तेही चूकच, कारण १०० हा ११० पेक्षा लहान. गंमत अशी, की या दोन्ही चुकांत पिंग यशस्वी होतो.

पिंग म्हणजे काय ते सांगतो. १९८३ साली अमेरिकेत माइक म्यूस यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीतले सोनार यंत्र आवाज सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकते, त्या आवाजावरून हे नाव पडले. आपण एका पत्त्याला हाक मारायची आणि ओ आली की नाही ते पाहायचे. पण ओ आली यावरून इतकेच कळते, की हाक पोहोचली आणि उत्तर परतले. हाक कुठल्या वाटेने गेली ते पिंग सांगत नाही. ते पाहायला ट्रेसरूट लागतो. तो वाटेतले एकेक राउटर मोजून दाखवतो. नांदेडचा माणूस लातूरला पोहोचला म्हणजे तो अहमदपूरवरूनच आला असे नाही. तिकीट पाहावे लागते.

म्हणून बॅकअपच्या अटीतला पहिला प्रश्न : कुठल्या वाटेने?

दुसरा प्रश्न : कुठून कुठपर्यंत? मुख्य लिंक बंद करून मुले नांदेडच्या राउटरवरून बॅकअप लिंकच्या लातूरच्या टोकाला पिंग करतात. ओ येते. मुले खूश. पण हे टोक नांदेडच्या राउटरला थेट जोडलेले आहे. तिथे पोहोचायला वाट शिकावीच लागत नाही. खरा प्रश्न आहे नांदेडच्या टेबलावरच्या संगणकापासून लातूरच्या सर्व्हरपर्यंतचा. त्यासाठी पिंग करताना आपला पत्ता कोणता सांगायचा तेही ठरवून द्यावे लागते. काही सांगितले नाही तर राउटर ज्या पोर्टमधून बाहेर पडतो त्याचाच पत्ता देतो. लातूरला तो पत्ता थेट जोडलेला असल्याने उत्तर बिनचूक येते, आणि आतल्या संगणकांचे काय झाले ते झाकलेच जाते. ऑफिसातल्या बाजूचा पत्ता देऊन पिंग केला तरच खरे काय ते कळते.

याच प्रश्नात हिंगोली येते. मुख्य लिंक पडली, नांदेडने तरंगती वाट वर आणली, नांदेडचे काम सुरू झाले. पण हिंगोलीला हे कुणी सांगितले? हिंगोलीचा राउटर लातूरची वाट ओएसपीएफमधून शिकत होता. ती पुसली गेली. नांदेडने आपली हाताने लिहिलेली वाट ओएसपीएफमध्ये पुढे सांगायची व्यवस्था केली असेल तरच हिंगोलीला लातूर दिसेल. आणि सगळे सुरळीत असतानाही बॅकअप लिंकच्या टोकांचे पत्ते हिंगोलीहून पोहोचायला हवेत, कारण प्रश्नात ‘सर्व ठिकाणांहून’ असे लिहिले आहे. त्यासाठी ते नेटवर्क ओएसपीएफमध्ये जाहीर करायचे, पण त्या पोर्टवर शेजारी जोडायचा नाही. या सोयीला पॅसिव्ह इंटरफेस म्हणतात. पत्ता जाहीर, पण ओएसपीएफची वाट त्या पोर्टवरून नाही. ‘सर्व’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे, पण गुण बहुधा त्याच्यापाशी जातात.

तिसरा प्रश्न परतीचा. नांदेडच्या राउटरवर तरंगती वाट लिहिली, लातूरच्या राउटरवर लिहिली नाही, तर काय होईल? मुख्य लिंक पडल्यावर नांदेडची हाक लातूरला पोहोचेल. लातूरचा सर्व्हर उत्तरही तयार करील. पण लातूरच्या राउटरला नांदेडची वाटच ठाऊक नाही, म्हणून तो उत्तर टाकून देईल. नांदेडला बसलेल्याला वाटेल, बॅकअप लिंक बंद आहे. लिंक उत्तम आहे, परतीची वाट लिहिलेली नाही. लातूरच्या बाजूने नांदेडसाठीही लिहावी लागते आणि हिंगोलीसाठीही. जाणे आणि येणे मिळून एक पोहोचणे होते, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो.

चौथा प्रश्न : मुख्य लिंक बंद पडली हे राउटरला कळणार कसे? प्रयोगशाळेत मुले पोर्ट बंद करण्याची आज्ञा देतात. पोर्ट बंद, राउटरला लगेच कळते, बॅकअप वर येते. पण बाहेरच्या जगात बिघाड असा सभ्यपणे होत नाही. समजा अहमदपूरजवळ रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. नांदेडला भिंतीवर लावलेल्या मीडिया कन्व्हर्टरकडून राउटरकडे येणारी तार शाबूत असते. पोर्टचा दिवा पुष्कळदा हिरवाच राहतो. राउटरच्या दृष्टीने सगळे ठीक. आधी सांगितलेली झोपलेल्या पोर्टची सोय इथे उपयोगी पडत नाही, कारण तिला फक्त आपला पोर्ट दिसतो. मुख्य वाटही हाताने लिहिलेली असेल तर राउटर चालू-बंद न पाहता माल त्या तुटक्या तारेत ओततच राहतो.

ओएसपीएफ असेल तर बरे. दोन्हीकडचे राउटर एकमेकांना ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असे कळवत असतात. इथरनेटवर दर १० सेकंदांनी, आणि ४० सेकंद काहीच ऐकू आले नाही तर शेजारी गेला असे धरतात. म्हणजे चाळीस सेकंद काम थांबणार. प्रश्नात ‘पाच सेकंदांत’ असे लिहिले असेल तर हे आकडे कमी करावे लागतील किंवा बीएफडीसारखी चपळ पद्धत वापरावी लागेल. वेळेची अट लिहिलेली नसेल तर उगाच हात लावू नये.

मुख्य वाट हाताने लिहिलेली असेल तर पाळत ठेवावी लागते. राउटरला सांगायचे, दर काही सेकंदांनी पलीकडच्या एका पत्त्याला पिंग कर आणि उत्तर थांबले तर ही वाट काढून टाक. यातही एक खोच आहे. पाळतीचा पिंग मुख्य वाटेनेच गेला पाहिजे, तशी सक्ती करावी लागते. नाहीतर काय होते? मुख्य लिंक पडते, वाट काढली जाते, बॅकअप वर येते. मग पाळतीचा पिंग बॅकअपवरून जातो आणि यशस्वी होतो. राउटरला वाटते मुख्य लिंक आली. तो पुन्हा तिकडे वळतो, पिंग थांबतो, पुन्हा बॅकअप. नेटवर्क असे दारासारखे हलत राहते. पडक्या पुलाची खबर आणायला माणूस पाठवावा आणि त्याने दुसऱ्याच पुलावरून जाऊन ‘पूल शाबूत आहे’ असे सांगावे, तसला प्रकार.

पाचवा प्रश्न : मुख्य लिंक पुन्हा आल्यावर काय? आपल्या उदाहरणातले दुसरे वाक्य त्याचे उत्तर देते. मुख्य चालू असताना बॅकअपवर वाहतूक नको, म्हणजे परत फिरलेच पाहिजे. तरंगत्या वाटेत हे आपोआप होते. पण काही पद्धतींत होत नाही. दोन राउटर मिळून एकच दार सांभाळतात त्या एचएसआरपीमध्ये मुख्य राउटर परत आला तरी दुसरा आपणहून जागा सोडत नाही. तसे हवे असेल तर वेगळे सांगावे लागते.

मित्रहो, हे पाच प्रश्न प्रश्नपत्रिकेत छापलेले नसतात. एका ओळीच्या अटीतून ते आपण उकलायचे असतात. आपल्याकडे लातूर पॅटर्नचे नाव आहे आणि ते सार्थ आहे. भरपूर सराव, भरपूर प्रश्नपत्रिका, वेळेचे गणित. त्या शिस्तीचा इथेही उपयोग होतो. पण प्रयोग परीक्षेत मागच्या वर्षीचे उत्तर आठवून चालत नाही. शब्द एक बदलला की उत्तर बदलते. बाजारात जुन्या प्रश्नोत्तरांचे गठ्ठे मिळतात. ते पाठ करून गेलेला मुलगा प्रमाणपत्र मिळवीलही. पुढे एखाद्या दवाखान्याची लाईन रात्री दोन वाजता पडेल तेव्हा तो गठ्ठा उत्तर देणार नाही.

आणि वाक्य तीनदा वाचूनही दोन अर्थ निघाले तर? विचारावे. सीसीआयईच्या परीक्षेत निरीक्षक असतात. ते उत्तर सांगत नाहीत, पण प्रश्नाचा अर्थ विचारायला मोकळीक असते. कसे विचारायचे, यालाही पद्धत आहे. ‘हे कसे करू?’ असे विचारले तर काही मिळणार नाही. ‘मुख्य लिंक चालू असताना बॅकअप लिंकच्या टोकाचे पत्ते पोहोचले पाहिजेत का?’ असे विचारावे. ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते, तो प्रश्न आपण स्वतः विचार करून आलो आहोत हे दाखवतो. आपल्याकडच्या मुलांना विचारण्याचा संकोच असतो. इंग्रजीचा असतो, साहेबाचा असतो. तो बाजूला ठेवावा.

आता परीक्षेच्या बाहेर येऊ. २०१६ साली लातूरकरांनी एक बॅकअप लिंक डोळ्यांनी पाहिली. मांजरा धरण आटले होते. पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचे ठरले. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. मिरज-लातूर रूळ आधीपासून होते. नकाशावर वाट होती. पण रूळ असणे म्हणजे पाणी पोहोचणे नव्हे. वाघिणी राजस्थानात कोट्याला साफ करून आणाव्या लागल्या. मिरजेला स्थानकापर्यंत पाणी नेणारे नळ टाकावे लागले. लातूरला गाडी रिकामी करून पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेण्याची सोय करावी लागली. मधली साडेतीनशे किलोमीटरची वाट तयारच होती, कष्ट पडले ते दोन टोकांना. तहानलेल्या घरातल्या घागरीपर्यंत पाणी गेले तरच ते पोहोचले म्हणायचे. नेटवर्कच्या भाषेत सांगायचे तर लिंकच्या टोकाचा पिंग आणि आतल्या संगणकाचा पिंग यांत हाच फरक आहे.

दुसरे उदाहरण समुद्रातले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतातल्या इंटरनेटला जोराचा फटका बसला. केबल दोन होत्या, कंपन्या वेगळ्या होत्या. पण दोन्ही त्याच अरुंद पट्ट्यातून जात होत्या. कागदावरचे दोन मार्ग प्रत्यक्षात एकाच संकटाच्या टप्प्यात होते. आपल्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शन घेणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे, की दोघांची फायबर गावाबाहेर एकाच चरातून जाते का? तसे असेल तर जेसीबीचा एकच घाव पुरेल.

म्हणून परीक्षार्थींना माझे सांगणे असे. बॅकअपची अट आली की पेन्सिलीने पाच गोष्टी लिहा : कुठल्या वाटेने, कुठून कुठपर्यंत, परत कसे, बिघाड कळणार कसा आणि पूर्ववत कधी. घरी यंत्रे नसली तरी पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस३ वर हे सगळे करून पाहता येते. पोर्ट बंद करून पाहू नका, मध्ये एक स्विच घालून पलीकडची तार तोडून पाहा. ट्रेसरूट चालवा. आतल्या संगणकावरून पिंग करा. मग मुख्य लिंक जोडा आणि पुन्हा पाहा.

आणि ज्यांच्या दवाखान्यात, पतसंस्थेत, शाळेत दुसरे कनेक्शन आहे, त्यांनी तीन महिन्यांतून एकदा, सगळ्यांना आधी सांगून, कामाची गर्दी नसेल अशा वेळी मुख्य तार काढून पाहावी. दहा मिनिटे काम दुसऱ्या वाटेने चालले, तर त्या वाटेचे भाडे सार्थकी लागले. चालले नाही, तर ते दिवसाउजेडी, माणसे हाताशी असताना कळले, हाही फायदाच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)